मंदाच्या तागाचे आठ दिवस

साताऱ्याहून पहाटे निघालेल्या एसटीने मला उन्हं कलताना नाशिकला उतरवले. पुढे लासलगावच्या गाडीत मी दोन तास उभीच होते, कारण निम्म्या बाकांवर कांद्याच्या रिकाम्या गोण्या आरामात बसल्या होत्या. नव्वदच्या दशकाची अखेर होती. माझी मावसबहीण मंदा हिचे पत्र आले होते, ताग फुलावर येतोय, गाडायच्या आधी ये. ताग हिरवा असतानाच नांगरून मातीत गाडला की त्याचे खत होते. आमचे भाजीचे रानही दगड होत चालले होते. म्हटले, हे एकदा डोळ्यांनी पाहावे.

शेत पाहिले आणि शीण गेला. दोन एकर ताग, छातीएवढा, शेंड्यांना नुकती पिवळी फुले. कांद्यावर कांदा घेऊन या जमिनीची पार पापडी झाली होती. नवऱ्याशी सबंध उन्हाळा भांडून मंदाने या पावसाळ्यात कांदा टाळला होता.

"धैंचा का नाही पेरलास? तोही खतासाठीच गाडतात ना?" मी विचारले.

"धैंचा पाणी धरणाऱ्या रानात. आपलं रान निचऱ्याचं हाय, इथं तागच." तिने एक कांडी कटकन मोडली. "ताई, अशी मोडती तवर गाडायचा. मग लवकर कुजतो. उद्या सकाळी ट्रॅक्टर येतोय."

उळे (कांद्याचे बी) तिने आधीच टाकले होते. ताग कुजायला तीन आठवडे, तेवढ्यात रोप लावणीला तयार, असा तिचा चोख हिशेब होता.

सकाळी ट्रॅक्टर आला आणि दाजींनी, म्हणजे मंदाच्या नवऱ्याने, तो बांधावरूनच परत पाठवला. तालुक्याहून शेतीखात्याचे कुणी साहेब पाहणीला येणार होते आणि त्यांना उभे पीक दाखवायचे होते. मंदा चुलीपाशी भांडी आदळत राहिली. दुपारी तिने हुलग्याचे शेंगोळे (पिठाच्या वळ्या, झणझणीत रश्शात शिजवलेल्या) वाढले. घास तोंडात घालता घालता दाजींनी मला विचारले, "काय ताई, दोन दिस थांबायला हरकत नाय ना? तुम्ही शिकल्यासवरलेल्या."

मंदाचा वाढता हात थांबला. मला अर्थ कळत होता. पण बहिणीच्या सासरी माहेरच्या माणसाने तोंड उघडायचे नसते, हे आमच्या अंगात लहानपणापासून मुरवलेले. मी म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं."

दोनाचे आठ दिवस झाले. रोज नवा निरोप, आज मीटिंग, उद्या गाडी नाही. तागाला शेंगा धरायला लागल्या. रोज त्या बांधावरून जाताना माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. एका माणसाला बघायला मिळावे म्हणून दोन एकर पीक जरड, राठ करायचे, याला शेती म्हणायची की प्रदर्शन?

नवव्या दिवशी साहेब आले. शाल, नारळ, हार, सगळा सत्कार झाला, तोही दाजींचा! जिने हे पीक निवडले, ती आत पोहे परतत होती. फोटोसाठी मला मात्र 'साताऱ्याच्या पाहुण्या' म्हणून पुढे उभे केले. साहेबांनी विचारले, "गाडणार कधी?" दाजी घराकडे बघू लागले.

चहाचा ट्रे घेऊन मंदाच बाहेर आली. तिने ट्रे बाजेवर ठेवला, तागाचे एक धाट उपटले आणि साहेबांच्या हातात दिले. "मोडा."

साहेबांनी वाकवले, पिळले. साल दोरीसारखी सुटली, पण धाट काही तुटले नाही.

"आठ दिसामागं बोटानं मोडत व्हतं. तुमच्यासाठी ठिवलं," मंदा म्हणाली. साहेब हसले आणि चहा छान झाल्याचे सांगून गेले.

त्याच दुपारी नांगर लागला. दर दोन फेऱ्यांनी फाळांना गुंडाळलेला ताग ड्रायव्हर कोयत्याने कापून काढत होता, शिव्या देत होता. हा राडा कुजायला दिवाळी येईल, हे आता दाजींनाही दिसत होते. वाफ्यातले रोप तोवर थांबणार नव्हते.

परतताना मंदा मला एसटीला बसवायला आली. मी साहेबांना नावे ठेवली, दाजींना ठेवली, त्या हारतुऱ्यांना ठेवली. ती ऐकून घेत होती. गाडी सुरू झाली तशी खिडकीची दांडी धरून म्हणाली, "ताई, त्यांनी इचारलं व्हतं तुला. माझं नसतं ऐकलं, तुझं ऐकलं असतं."

साताऱ्यापर्यंत माझा राग उतरला नाही. पण तो साहेबांवर नव्हता.