बारा हातांचं स्वयंपाकघर

सरकारी कागदाशी मी आयुष्यात एकदाच भांडले आणि जिंकले. तेव्हा मी सोळा वर्षांची होते. कळवणहून लग्न होऊन नाशकात आले त्याला दोन वर्षं झाली होती. आणि ज्या गोंधळापायी ते भांडण झालं, तो गोंधळही मीच घातलेला होता. लोक जिंकल्याचं तेवढं सांगतात आणि गोंधळाचं गाळतात. मी दोन्ही सांगणार आहे.

आमचं घर गंगेपासून, म्हणजे गोदावरीपासून, हाकेच्या अंतरावर, जुन्या आळीत. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती चिकटलेल्या, पुढे रस्ता, मागे सांडपाण्याचा बोळ. स्वयंपाकघर सगळ्यात मागे, बोळाला लागून. त्याला खिडकी म्हणून नव्हती. छपरात एक भोक ठेवलं होतं, त्यातून धुरानं जावं अशी घरच्यांची अपेक्षा होती. धुराला ती मान्य नव्हती. तो आधी आमच्या डोळ्यांत, मग नाकात, मग कोनाड्यातल्या देवांच्या तोंडावर आणि सगळ्यात शेवटी, उरलाच तर, त्या भोकातून बाहेर जायचा.

सासूबाईंनी त्या धुरात तीस वर्षं रांधलं होतं. डावा डोळा कधीच गेला होता आणि उजव्यातून दिवसभर पाणी गळायचं. वणीच्या देवीला चांदीचे डोळे वाहून झाले, मध घालून झाला, गुलाबपाणी झालं. शेवटी डॉक्टरांनी मामंजींना बाजूला घेऊन सांगितलं की यांना चुलीपासून उठवा, नाहीतर धुराला वाट करा. यातलं काहीच केलं नाही तर वर्षभरात दुसराही डोळा जाईल. सासूबाईंना चुलीपासून उठवणं कुणाच्या बापाला जमणार नव्हतं. त्या मला येताजाता बोलायच्या, माझ्या कळवणच्या बोलण्याची नक्कल करायच्या, पण ताप आला की माझ्या उशाशी त्याच बसायच्या. त्या आंधळ्या व्हायला मला नको होत्या.

तेव्हा ठरलं असं, की मागच्या भिंतीत उंचावर खिडकी पाडायची आणि चुलीवर चांगलं उंच धुराडं बांधायचं. मी हळूच ओट्याचंही सुचवून पाहिलं. "उभ्यानं रांधायला ही काय खानावळ आहे?" असं सासूबाईंनी विचारलं आणि ओटा तिथेच संपला. खिडकी म्युनिसिपालिटीच्या बोळावर उघडणार म्हणून परवानगी लागणार होती, आणि परवानगीसाठी घराचा नकाशा.

नकाशा काढायला एक पेन्शनर गृहस्थ आले. कडक इस्त्रीचं धोतर, चकाकणारे पंपशू, हातात मोजायची फीत. ही फीत चामड्याच्या गोल डबीत गुंडाळलेली असायची. त्यांनी ओसरी मोजली, माजघर मोजलं आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आले, तर समोर सासूबाई.

"ते कातडं माझ्या देवांपुढं येणार नाही," त्या म्हणाल्या.

"नुसती फीत आत घेतो, आई."

"ती कातड्यातूनच येते ना?"

गृहस्थांनी डबी उलटीसुलटी करून पाहिली. फीत आतल्या बाजूनं डबीला पक्की बसवलेली होती. मागच्या बोळातून काही अंदाज घ्यावा, तर तिथे पंपशू घालून कोण जाणार? रुंदी त्यांना माजघरावरून कळली होती, दोन्ही खोल्या सारख्याच रुंद. अडलं होतं ते लांबीपाशी.

तेव्हा मी तोंड उघडलं. मी नुकतीच न्हाऊन सोवळ्यात होते. म्हटलं, मी हातानं मोजते. आमच्याकडे कळवणला खळं मोजायचं तर हातानं, परकराचं कापड मोजायचं तर हातानं. मोठ्या ऐटीत गुडघ्यांवर बसले, कोपर भिंतीला टेकवलं, मधल्या बोटाच्या टोकाशी राखेची रेघ ओढली, पुन्हा तिथे कोपर. रेघभर इकडे नाही की तिकडे नाही. बरोबर बारा हात भरले. मी आतूनच ओरडून सांगितलं आणि बाहेर त्यांनी लिहून घेतलं.

"पोरीचं माप चोख आहे," सासूबाई म्हणाल्या. दोन वर्षांत त्यांनी केलेली ती माझी पहिली स्तुती. मी दिवसभर तरंगत होते.

अर्ज गेला. महिना-दीड महिन्यानं शिपाई पाकीट घेऊन आला. परवानगीच आली म्हणून मामंजींनी ते देवासमोर ठेवून, नमस्कार करून फोडलं. आत लिहिलं होतं ते असं : सादर केलेल्या नकाशावरून आपल्या घराचा मागील भाग सार्वजनिक बोळाच्या हद्दीत तीन फूट आलेला दिसतो. सबब खिडकीची परवानगी देता येत नाही. सदर भिंत मागे का घेऊ नये, याचा खुलासा पंधरा दिवसांत करावा.

मामंजींच्या तोंडचं पाणी पळालं. सगळी उमर त्यांनी कोर्टात कारकुनी केली होती. दुसऱ्यांनी बळकावलेल्या जागांचे कज्जे स्वच्छ अक्षरात उतरवून काढले होते आणि घरी येऊन त्या लोकांना नावं ठेवली होती. आता तेच कलम स्वतःच्या दाराशी आलं. घर त्यांच्या वडिलांनी बांधलेलं. भिंतीवर वडिलांची तसबीर होती, तिच्याकडे त्यांनी असं पाहिलं, की ते माझे सासरे असूनसुद्धा मला तसबिरीतल्या म्हाताऱ्याचीच दया आली.

दोन दिवस ते जेवले न जेवले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "अर्ज मागे घेतो. भिंत पाडतो म्हणून लिहून देतो. खिडकीचं नाव नको."

"नको तर नको," सासूबाई म्हणाल्या. "मला काय, हाताला सवय आहे. आंधळी झाले तरी मीठ चुकायची नाही." आणि आत जाऊन चिमट्यासाठी चुलीपाशी चाचपडल्या, ते बोटं सरळ निखाऱ्यावर. ओरडल्या नाहीत. पाण्यात हात बुडवून बसून राहिल्या. मी त्यांच्या शेजारी बसले आणि मला साऱ्या जगाचा राग आला.

त्याच दुपारी आमचे हे शाळेतून आले. हे शाळेत मास्तर होते. नोटिशीबरोबर नकाशाही परत आला होता, तो मी त्यांच्याकडून वाचून घेतला. स्वयंपाकघर, लांबी अठरा फूट.

"अठरा कुठले? मी बारा सांगितले होते."

"बारा हात. हात म्हणजे दीड फूट. बारा दीडे अठरा," हे म्हणाले. मास्तरांना पाढा म्हणायला मिळाला की बाकी काही सुचत नाही.

"पण दीड फूट कुणाचा हात?"

यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. मग उठून खुंटीवरच्या पिशवीतून शाळेची फूटपट्टी आणली. मी जमिनीवर हात ठेवला. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक फूटपट्टी आणि वर तीन इंच. पुन्हा मोजलं, दुसरा हात मोजला. पंधराच इंच. म्हणजे आमचं स्वयंपाकघर पंधरा फूट होतं, ते कागदावर अठरा झालं होतं, आणि वरचे तीन फूट माझ्या हातानं बोळात नेऊन टाकले होते. हे पोट धरून हसायला लागले. मला मात्र रडू कोसळलं. घराण्याची अब्रू मी एका दुपारी, तीही सोवळ्यात, घालवली होती.

यांनी मामंजींना सांगितलं, तेव्हा मी दाराआड उभी होते. "सुनेचा हात आखूड आहे, असं म्युनिसिपालिटीला लिहू का मी?" मामंजी कडाडले. पण संध्याकाळी त्यांनी कोर्टाच्या भाषेत नेमकं तेच लिहिलं आणि खाली सही करताना तीन दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर रंग आला. वडील निर्दोष सुटले होते ना! आता ते फक्त कुणाला तरी पटायला हवं होतं.

आठ दिवसांनी सकाळी म्युनिसिपालिटीचा ओव्हरसिअर आला. खाकी कोट, घामानं डबडबलेला, आणि हातात तशीच चामड्याची डबी. खुलासा वाचला म्हणाला, पण हाताबिताचं मी काही धरणार नाही, आतून स्वतः मोजेन तेव्हा लिहीन. उंबऱ्यात सासूबाई.

"आई, पाच मिनिटांचं काम आहे."

"मी मेल्यावर मोज."

"अगं, तुझ्याच डोळ्यांसाठी चाललंय हे," मामंजी काकुळतीला आले.

"डोळ्यांसाठी देव बाटवू?"

त्या हट्टानं असं म्हणत होत्या, असं कुणी समजू नये. त्यांच्या उजव्या डोळ्यातून धार लागली होती आणि ती धुराची नव्हती. त्यांना खिडकी हवी होती. पण ज्या देवांना तीस वर्षं जपलं, त्यांच्यापुढं कातडं ठेवून हवी नव्हती. ओव्हरसिअरनं मान हलवली आणि कागदावर लिहायला घेतलं की घरमालकांनी मोजणीस हरकत घेतली. तो कागद गेला की सगळं संपणार होतं.

तेवढ्यात मागच्या बोळातून खराट्याचा आवाज आला. म्युनिसिपालिटीची झाडूवाली रोज त्याच वेळेला यायची. मी दोन वर्षं तो आवाज ऐकत होते, पण त्यामागे एक बाई असते आणि बाईला चालायला जागा लागते, हे त्या दिवशी पहिल्यांदा डोक्यात आलं. सासऱ्यांसमोर परक्या पुरुषाशी बोलायची पद्धत नव्हती. ती विसरून मी दारातून बाहेर आले आणि सगळी कळवणची बोली माझ्या तोंडातून सांडली.

"साहेब, बोळ मोजा की! आमी तीन फूट आत गेलो आसू तर बोळ उरला किती? आन् ती बाई येवढं टोपलं घिऊन रोज जाती कुठून?"

मामंजींच्या भुवया टोपीला जाऊन टेकल्या. ओव्हरसिअरनं आपल्याजवळचा सरकारी नकाशा उलगडला, बोळावर बोट ठेवलं. चार फूट. "चारातून तीन गेले तर एक," तो स्वतःशीच म्हणाला. "एका फुटातून टोपलं नाही जायचं." मग इकडेतिकडे पाहत म्हणाला, "पण फितीचं दुसरं टोक कोण धरणार? आज बरोबर शिपाई नाही."

हे शाळेत गेले होते. मामंजींनी साठ वर्षांत त्या बोळात पाऊल टाकलं नव्हतं. आमच्या घरातल्या कुणीच टाकलं नव्हतं, म्हणून तर हे सगळं झालं होतं. मी पदर खोचला आणि निघाले.

आळीला वळसा घालून बोळाच्या तोंडाशी गेलो. झाडूवाली खराटा टेकून उभी राहिली. "बाई, या दगडावर पाय ठिवा, तिकडं निसरडं हाय," ती म्हणाली आणि मला हात न लावता वाट दाखवत पुढे चालली. आमच्या भिंतीपाशी ओव्हरसिअरनं डबी माझ्या हातात दिली. चामडं गार होतं. मी ती आमच्या भिंतीला लावून धरली आणि तो फीत ओढत समोरच्या भिंतीकडे गेला. एवढ्यात मागून आवाज आला. सासूबाई! नाकाला पदर लावून बोळाच्या तोंडाशी उभ्या होत्या.

"नीट ताणून धर गं! आणि या वेळेला हातानं मोजू नकोस!"

"चार फूट दोन इंच," ओव्हरसिअर म्हणाला.

"म्या रोज जाते हितनं," झाडूवाली म्हणाली. "मला कुणी इचारलंच नाय."

ओव्हरसिअरनं तिथेच भिंतीला कागद टेकवून लिहिलं. मग जरा संकोचून म्हणाला, "ताई, राग मानू नका, तो हात जरा दाखवता?" मी फितीवर हात धरला. पंधरा इंच. तो खाकी माणूस इतका हसला, की वरच्या गच्चीवरून शेजारीण डोकावली.

घरी आल्यावर सासूबाईंनी मला न्हाणीत बसवलं आणि लुगड्यासकट डोक्यावरून पाणी ओतलं. कातड्याला शिवलीस, घाणीत गेलीस, परपुरुषापुढं तोंड वर करून बोललीस, असं एकेका तांब्याला एकेक बोलत होत्या. आणि बोलता बोलता माझी पाठ अशी चोळत होत्या, जशी माझ्या आईनंतर कुणी चोळली नव्हती.

परवानगी आली, शिक्क्यासकट. मामंजींनी ती घरात तीनदा आणि ओसरीवर येईल त्याला एकदा मोठ्यानं वाचून दाखवली. शेजाऱ्यांना सांगताना ते 'आमच्या सूनबाई' म्हणायला लागले. तोवर मी नुसती 'सून' होते. गवंड्यानं चार दिवसांत खिडकी पाडली, धुराडं छपराच्या वर नेलं. धूर कसा सरळ निघून गेला, हे पाहायला मी दोनदा रस्त्यावर धावले. चूल मात्र जमिनीवरच राहिली. ओट्यासाठी मला पुढे आणखी बारा वर्षं भांडावं लागलं, पण ते घरातलं भांडण होतं.

गवंडी गेल्यावर चूल पुन्हा पेटली, त्यानंतर दोन-तीन आठवड्यांची गोष्ट. सासूबाईंच्या डोळ्याचं पाणी थांबत आलं होतं, पण दिसतंय का हे विचारायची माझी छाती होत नव्हती. दुपारी मी खिडकीखाली तांदूळ निवडत बसले होते. त्या आल्या, माझ्या हातातलं सूप काढून घेतलं आणि मी निवडून बाजूला सारलेल्या तांदळांत बोट घातलं.

"हा खडा," त्या म्हणाल्या. "हा दुसरा. हा बघ, केवढा. दोन वर्षं हेच घालत होतीस आम्हाला?"

मी मान हलवली आणि खिडकीकडे तोंड करून डोळे पुसायला उठले.

"सात झाले," मागून त्यांचा आवाज आला. "आणखी आहेत. सरक तिकडे, उजेड अडवतेस माझा."