आक्कानं बसवलेली पायरी

शाळेचा तिसरा तास चालू होता. वर्गाच्या दारात शिपाई आला आणि त्याच्या मागं निपाणीच्या तंबाखू वखारीच्या लारीचा ड्रायव्हर दादू उभा दिसला. माझ्या बेळगावच्या शाळेत त्यानं येण्याचं काहीच कारण नव्हतं. त्यानं डोक्यावरची टोपी काढली, आणि मला कळलं. "आक्का गेल्या, मास्तर... चार दिस ताप हुता. तुमास्नी कळवू नगंस म्हणाल्या." टिळकवाडीतल्या खोलीवर जाऊन दोन कपडे घ्यावेत एवढंही सुचलं नाही. तसाच जाऊन लारीत त्याच्या शेजारी बसलो. संकेश्वर मागं पडल्यावर हातातला खडू खिशात टाकला.

त्याला आता सहा आठवडे झाले. आक्का माझी थोरली बहीण, माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा मला तिनंच वाढवलं. तिचे यजमान, आमचे दाजी, निपाणी-चिकोडी टांगा हाकायचे. ते एका पावसाळ्यात तापानं गेले. घोडा दुसऱ्याच्या दावणीला गेला, टांगा मात्र आक्कानं छपरात उभा ठेवला. दर सोमवारी ती तो ओल्या फडक्यानं पुसायची. कुणी चाक मागायला आलं, कुणी धुरी मागायला आलं, तर "न्हाय" एवढंच म्हणायची. मूलबाळ नव्हतं. ती तंबाखूच्या वखारीत चाळायच्या कामाला जाऊ लागली, आणि त्याच मजुरीवर मी शिकून मास्तर झालो.

लढाईच्या दिवसांत काम वाढलं, तशी वखारीच्या मालकांनी आसपासच्या गावांतून बायका आणायला लारी सुरू केली. आमचं गाव निपाणीपासून चार मैलांवर. लारी आली म्हणून सगळ्यांना आनंद झाला, पण तो पहिल्या सकाळपुरताच. मागचा फाळका पाडला तरी हौदा बायकांच्या छातीशी येत होता. नऊवारी नेसलेल्या बाईनं चढायचं कसं? मग मुकादमाचे दोन गडी वर उभे राहून दंडाला धरून ओढायचे, एक खालून रेटा द्यायचा, आणि तिघंही हसायचे. आक्कानं ते बघितलं, पदर खोचला आणि चालायला लागली. महिनाभर ती चालतच गेली. तिचा गुडघा तेव्हापासूनच दुखरा. मी चिडून म्हटलं, "सोड ते काम. बेळगावात माझ्याजवळ येऊन राहा."

"मी येईन रं," ती म्हणाली, "पर ह्या बाकीच्या कुठं जातील?"

तिनं दुकानातून चहाचं एक रिकामं खोकं मागून आणलं. त्यावर पाय देऊन बायका आपल्या आपण चढू लागल्या. दहा-बारा दिवस चाललं. मग एका सकाळी गौरा नावाची शेजारची सून चढत असताना खोक्याची फळी मोडली. ती पाठीवर रस्त्यात पडली. तिला पाचवा महिना होता... मूल राहिलं नाही.

मी गावी गेलो तेव्हा आक्का गौराच्या उशाशी बसलेली होती. गौरा सारखी म्हणत होती, "आक्का, तुमी न्हाय पाडलं मला." आक्का ऐकत होती, पण तिच्यापर्यंत ते पोचत नव्हतं. घरी आल्यावर म्हणाली, "खोकं मी आणलं, गणू. माझ्या हातनं झालं."

त्यानंतर ती पायरीच्या मागं लागली. दगडाचा ओटा करावा, तर लारी रोज त्याच जागी थांबेल असं नाही. शिडी लावली, ती हलायची. सुतारानं तिवई करून दिली, पण शेवटची बाई चढल्यावर ती वर उचलून घेणार कोण? दिवाळीच्या सुट्टीत मी घरी होतो. दुपारी बघतो तर आक्का छपरात टांग्यासमोर नुसती उभी. मला बघून म्हणाली, "गणू, दादूकडनं पाना आण."

टांग्याच्या मागं चढायला लोखंडी पायदान होतं. मी म्हटलं, "आक्का, ऱ्हाऊ दे. दाजींचा टांगा हाय."

"त्येनी माणसांस्नी चढवायलाच बशिवलं हुतं न्हवं?"

गंजलेले नटबोल्ट रॉकेल टाकून टाकून सुटले. पायदान निघालं, तेव्हा त्याच्या मागं हातभर जागेत मूळचा हिरवा रंग जसाच्या तसा होता. आक्कानं त्यावर तळहात ठेवला. मी बाहेर गेलो.

मुकादम आडवा आला. मालकांच्या गाडीला हात लावायचा नाही म्हणाला. आक्का थेट मालकांकडं गेली. दादू दारात उभा होता, त्यानं ऐकलेलं सांगतो. ती म्हणाली, "आण्णा, एक बाई पडली. दुसरी पडाय नगं." मालक घरात कानडी बोलणारे, कमी बोलणारे. त्यांनी हिशेबाच्या वहीतून मान वर केली. "आयतु," म्हणजे बरं, म्हणाले, "बशीव." लोहारानं पायदानाला बिजागरी लावून ते फाळक्याखाली बसवलं आणि बाजूला धरायला एक कडी ठोकली.

पहिल्या दिवशी ते दोन गडी सवयीनं वर हात पुढं करून उभे राहिले. "हात आत घ्या," आक्का म्हणाली, आणि चढली. तिच्यामागून एकेक करून सगळ्या चढल्या. गौरा पुढं तीन महिन्यांनी कामावर आली. पायरीशी येऊन थबकली. आक्का खाली उतरून तिच्या शेजारी उभी राहिली, तिला हात न लावता. गौरा आपली आपण चढली. वखार येईपर्यंत आक्का तोंड फिरवून बसली होती असं गौरा सांगते.

गेल्या रविवारी मी गावी गेलो होतो. वखारीनं नवी लारी घेतलीय, पहिलीपेक्षा उंच. जुनी मोडीत निघाली, पण दादूनं पायदान तेवढं काढून ठेवलं होतं. ते घेऊन तो आणि लोहार माझी वाट बघत होते. "किती उंचीवर बशिवायचं, मास्तर?" मी फूटपट्टी आणायला निघालो, तर लोहार म्हणाला, "आक्कांनी पट्टी लावली न्हवती. सगळ्यांत बुटकी बाई बोलिवली हुती."

सगुणा म्हातारीला बोलावलं. तिनं लारीच्या कडेला धरलं आणि पाय जितका उचलेल तितका उचलून धरला. मी गुडघ्यावर बसून तिच्या तळव्याखाली लारीला कोळसा टेकवला.

"दुखतंय का?" मी विचारलं.

"वाईच."

मी कोळसा चार बोटं खाली घेतला. "आता?"

"आता न्हाय."

तिथं मी रेघ मारली.