तीन पुरुषांनी केलेलं बाळंतपण

आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. वहिनींचं माहेर पेठ तालुक्यातलं. पण त्या लहान असतानाच त्यांची आई गेली आणि काकूने त्यांना वाढवलं. नेमक्या त्याच दिवसांत काकूच्या स्वतःच्या मुलीचंही बाळंतपण आलं होतं. दोन बाळंतिणी एका घरात तिला झेपण्यासारख्या नव्हत्या. हे सांगताना काकू फोनवर रडायला लागली. तेव्हा अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दादाच्या हातातून फोन घेतला आणि म्हणाले, "ताई, रडू नका. पोरगी हितंच राहील. आम्ही करतो सगळं."

फोन ठेवल्यावर दादाने विचारलं, "आम्ही म्हणजे कोण?"

प्रश्न बरोबर होता. आई जाऊन बरीच वर्षं झाली. घरात वहिनी सोडल्या तर आम्ही तिघेच. अण्णा शेतात टोमॅटो आणि पालेभाजी करतात. दादा अंबडला कंपनीत शिफ्टवर जातो. आणि मी कॉलेजला. आमच्या घरातून कॉलेजला गेलेला मी पहिलाच, त्यामुळे जगातलं सगळं मला माहीत असणार असं अण्णांना वाटतं. "तू शिकलेला, तू सांग," असं म्हणून त्यांनी मला विचारलं की बाळंतिणीला काय काय लागतं. मी मोबाइलवर शोधलं, पण जे वाचलं ते अण्णांसमोर मोठ्याने सांगायला मला जमेना. मग मी नुसतंच म्हणालो, "आराम लागतो."

वहिनींचं सिझर झालं. मुलगी झाली. घरी आल्यावर मधली खोली त्यांना दिली, खिडकीजवळ खाट लावली आणि दाराला आईच्या जुन्या साडीचा पडदा केला. बाळाला अंघोळ घालायला आणि वहिनींचे हातपाय चोळून द्यायला गल्लीतल्या एक मावशी सकाळी यायच्या. पहिल्याच दिवशी त्या आमच्याकडे बघून म्हणाल्या, "तीन बाप्ये अन् एक बाळंतीण! अगं बाई, तुझं बाळंतपण करायचं का यांचं?"

पण अण्णांनी मनावर घेतलं होतं. अळिवाची खीर त्यांनी व्हिडिओ बघून केली. पहिल्यांदा अळीव भिजवायचेच विसरले. दाणे दातांखाली कचकच वाजत होते, तरी वहिनींनी वाटी पुसून ठेवली. डिंकाचे लाडू इतके कडक झाले की दादा म्हणाला, "अण्णा, हे कंपनीत नेतो, बेअरिंगच्या जागी बसतील." अण्णांना राग आला नाही. त्यांनी लाडू फोडून दुधात भिजवले आणि नेऊन दिले. सकाळी शेतात जाऊन यायचे, पाय धुवायचे आणि मग दिवसभर त्यांचं तेच चालू. गरम पाणी, शेपूची भाजी, बाजरीची भाकरी, तूप, पुन्हा दूध. मी त्यांना इतकं हौसेने काही करताना कधी पाहिलं नव्हतं.

वहिनी मात्र सुधारत नव्हत्या. चेहरा उतरलेला, डोळ्यांखाली काळं. दादाला त्या म्हणायच्या, "काही नाही, दुखतं थोडं." तपासणीच्या दिवशी दादाची शिफ्ट होती, म्हणून रिक्षातून अण्णा आणि मी गेलो. डॉक्टर बाईंनी तपासून आम्हाला आत बोलावलं. एका बाजूचा टाका ओला होता. त्या म्हणाल्या, "ही झटक्याने उठते. सारखी उठते. थोडं चालायला हरकत नाही, पण उठताना कुशीवर वळून, आधार घेऊन, सावकाश उठायचं. असंच चालू राहिलं तर जखम चिघळेल आणि परत भरती करावं लागेल. घरी कामं करतेस का गं?"

वहिनींनी मान हलवून नाही म्हटलं.

"काडी उचलू देत नाय मी तिला," अण्णा म्हणाले. "इचारा तिला."

घरी आल्यावर अण्णांनी मला ओट्यावर बाजूला घेतलं. "ही उठती कशापायी, ते बघ. ती मावशी काय करायला लावती का, दादा काय मागतो का, लक्ष ठेव. तू अभ्यासाला हितं बाहेरच्या खोलीत बस. पण परत दवाखान्यात न्यायची पाळी येऊ देऊ नको, बाबा. तिला इचारणारं आपल्याशिवाय कोण हाय?"

म्हणून मी पुस्तक घेऊन पडद्याच्या अलीकडे बसलो. मला फार अवघडल्यासारखं होत होतं. आत बघायचं नाही आणि लक्ष तर ठेवायचं. पण पडदा जुना, विरलेला होता, आणि खिडकीच्या उजेडात वहिनींची सावली त्याच्यावर दिसायची. मावशी आल्या आणि गेल्या, त्यांनी उलट वहिनींना उठूच दिलं नाही. बाळ झोपलं. वहिनीही आडव्या झाल्या.

मग अण्णा वाटी घेऊन आले. दाराशी थांबून ते खाकरले. सासऱ्याने सुनेच्या खोलीत जाताना खाकरून जायचं, ही आमच्याकडची रीत. तिला सावरून बसायला वेळ मिळावा म्हणून. त्या आवाजासरशी पडद्यावरची सावली ताडकन उठून बसली. एक हात खाटेच्या कडेवर, एक हात पोटावर, आणि मग तोच हात डोक्यावरचा पदर ओढायला वर गेला. अण्णांनी वाटी ठेवली, खाली बघतच म्हणाले, "पड, पड, आराम कर," आणि बाहेर आले. जाताना मला खुणेने विचारलं, काही दिसलं का?

मी मान हलवली. नाही.

थोड्या वेळाने ते पाणी घेऊन आले. खाकरले. सावली उठली. मग शेकायला गरम पिशवी. मग, "बाळ रडतंय का गं?" म्हणून. दर वेळी तेच. मी पुस्तकाचं पान उलटायचं विसरून गेलो होतो.

आधी मी वहिनींशीच बोललो, पडद्याबाहेरूनच. "वहिनी, अण्णा आले तरी पडून राहा ना."

"भाऊजी, असं कसं? अण्णांसमोर पाय पसरून पडू? मला तसं जमतच नाही. अंगच उठतं." मग हळू आवाजात म्हणाल्या, "त्यांना काही सांगू नका हं. किती करतात ते. वाईट वाटेल त्यांना."

वाईट वाटेल हे मलाही माहीत होतं. पण ओला टाकाही माहीत होता. मी मागच्या अंगणात गेलो. अण्णा शेपू निवडत बसले होते. कसं सांगावं ते कळेना, म्हणून त्यांच्याबरोबर निवडायला बसलो आणि मान खाली घालून म्हणालो, "अण्णा, तुम्ही खाकरलात की त्या उठतात."

त्यांना आधी कळलं नाही. मग कळलं. हातातली जुडी तशीच राहिली. "म्हंजे मीच," एवढंच म्हणाले.

त्या दुपारी ते खोलीकडे फिरकले नाहीत. जेवणाचं ताट माझ्या हाती दिलं. मला वाटलं प्रश्न सुटला. पण चहाच्या वेळेला स्वयंपाकघरात भांडं वाजलं, म्हणून गेलो तर वहिनी भिंतीला धरून उभ्या. गॅसवर चहाचं आधण. मागून अण्णाही आले.

"अगं पोरी! तू का उठलीस?"

"तुम्ही आला नाहीत दुपारपासून." वहिनींचा चेहरा रडवेला होता. "मला वाटलं, माझं काही चुकलं."

अण्णा आजवर सुनेशी मान वर करून बोलले नव्हते. त्यांनी गॅस बंद केला, मला डोळ्यांनी खूण केली, तसं मी वहिनींना धरून खाटेपर्यंत नेलं. मग अण्णा खोलीत आले, न खाकरता, आणि उंबऱ्याजवळ जमिनीवर बसले. वहिनी उठायला लागल्या.

"उठशील तर मी बी उठून जाईन. आडवी हो."

"नको ना अण्णा, कसंतरी वाटतं."

"मग मला सासरा धरूच नको. सासू धर. सासूपुढं पडलेलं चालतं ना?"

"सासूपुढे?" वहिनी रडतारडता हसल्या. "सासूपुढे तर मुळीच नाही चालत!" आणि लगेच पोट धरून, "अण्णा, हसवू नका, टाके दुखतात."

अण्णाही हसले. मग त्यांनी नजर जमिनीकडे वळवली. "बरं," ते म्हणाले, "मग आई धर."

मी दाराशी उभा होतो, मला तिथून निघून जावंसं वाटलं. वहिनी हळूच कुशीवर वळल्या आणि भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या. त्यांची पाठ हलत होती. अण्णांनी जवळ जाऊन काही समजूत वगैरे घातली नाही. बाळ चुळबुळायला लागलं होतं, त्याला उचलून मांडीवर घेतलं आणि तिथेच बसून राहिले.

सवय एका दिवसात गेली नाही. पुढेही अण्णांचं पाऊल वाजलं की वहिनींचा हात खाटेच्या कडेला जायचा. तिथे थांबायचा. अण्णा न बघितल्यासारखं करायचे. त्यांनी खाकरणं सोडलं आणि त्याऐवजी लांबूनच बाळाशी बोलत यायला लागले, "काय करतीस गं, चिमणे?" त्याला उत्तर म्हणून कोणाला उठून बसावं लागत नव्हतं. पुढच्या तपासणीला डॉक्टर बाईंनी टाका कोरडा पडलाय म्हणून सांगितलं, तेव्हा अण्णांनी त्यांना चक्क नमस्कार केला.

त्यानंतरच्या एका सकाळची गोष्ट. मी कॉलेजला निघालो होतो, बूट घालत होतो. अण्णा दूध घेऊन आत गेले. आतून वहिनींचा झोपाळलेला आवाज आला, "अण्णा, खिडकी लोटून घ्या ना. डोळ्यांवर ऊन येतंय."

खाट वाजली नाही. खिडकीची झडप मात्र अगदी हळू लावल्याचा आवाज आला. अण्णा चवड्यांवर चालत बाहेर आले आणि मला म्हणाले, "बूट बाहेर घाल रे. झोपलीय ती."