उरलेला चेंडू

थोरल्या भावाशी भांडायला मला एरवी कारण लागत नाही. या फेब्रुवारीत मात्र कारण होतं, आणि ते जेमतेम पाच फुटांचं होतं.

"दहा शॉट मारते अन् तीन जाते," दादा म्हणाला. "तीन! यवतमाळची ती दुसरी पोरगी निम्मेच मारते, पण मारले का आत. आता मी कोणाले घेऊ, तूच सांग."

"कोणते तीन जाते ते पाह्यलं का तू?"

"चेंडूले विचारू का मी, बाप्पा?"

यवतमाळला त्याच्या घरी आम्ही जेवायला बसलो होतो. भाजी गार होते आहे असं वहिनीनं दोनदा सांगितलं आणि मग तिनंही नाद सोडला. दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, विभागाच्या क्रीडा वसतिगृहासाठी मुलींची निवड होती. बास्केटबॉलच्या गार्डची एकच जागा उरली होती आणि त्या जागेसाठी दोन मुली होत्या. निवडणारे तिघे. एकाचा कौल माझ्या मुलीला, दुसऱ्याचा त्या यवतमाळच्या मुलीला, आणि तिसरा हा माझा भाऊ. म्हणजे सगळं त्याच्यावर येऊन अडलं होतं.

माझी मुलगी म्हणजे पोटची नव्हे. मी दारव्ह्याला दिवसभर कचेरीत फायली उचलते आणि संध्याकाळी शाळेच्या मैदानावर मुलींना खेळवते, त्यांतली ही एक. बोरी अरबच्या पलीकडच्या तांड्यावरून काळी-पिवळी जीपनं यायची. गार्ड म्हणजे चेंडू पुढे आणणारी, कोणी कुठे पळायचं ते ठरवणारी. संघाचं डोकं म्हणा. असं डोकं मी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. कोणती मुलगी कुठे आहे हे तिला मागे न बघता कळायचं. हे मी दादाला सांगितलं तर तो म्हणाला, डोकं आहे तं आहे, चेंडू रिंगमधून गेला पाह्यजे.

तिच्या बापानं दिवाळीनंतर कचेरीत येऊन मला साफ सांगितलं होतं. "मॅडम, बारावी झाली का खेळ बंद. अंधार पडला का जीपवाला सीट भरल्याशिवाय हालत नाही. पोरगी एकटी अड्ड्यावर उभी राह्यते. वसतिगृह भेटलं तं मी सोता पेटी उचलून नेऊन देतो. नाही भेटलं तं पुण्याले, मामाकडे. कंपनीत लावून देतो म्हणते तिचा मामा." माणूस ओरडला नाही, हट्टाला पेटला नाही. त्याचं काही चुकत होतं असं मला म्हणता येईना, म्हणूनच मला जास्त राग आला. एकूण काय, रविवारी जागा मिळाली तर ती खेळणार होती, नाहीतर कुठल्या तरी कंपनीत पॅकिंगला उभी राहणार होती.

म्हणून मी दादाला सोडलं नाही. ताटातच बोटानं मैदान आखून दाखवलं. चेंडू हातात आला की चोवीस सेकंदांत शॉट मारावा लागतो, नाहीतर तो समोरच्यांना जातो. माझ्या संघात पहिले वीस सेकंद जी ती हात धुवून घेते. कोणाचंच जमलं नाही की शेवटच्या घटकेला चेंडू हिच्या गळ्यात. समोर दोघी हात वर करून उभ्या, रिंग लांब, आणि बाजूला घड्याळवाले सर ओरडताहेत, तीन, दोन... अशा वेळी दहांतले तीन जातात हेच नवल!

"तिच्या वाट्याले उरलेला चेंडू येते, दादा. उरल्यासुरल्यावर कोणी प्रमाण काढते का?"

दादा जन्मभर बँकेत होता, पण त्याआधी कॉलेजातून खेळलेला आहे. त्याला पटलं. पटलं की तो नाक खाजवतो. मग त्यानं एकच प्रश्न विचारला.

"मंग ती आधीच काहून नाही मारत? चेंडू तं पह्यले तिच्याच हातात असते. मोकळी असते तवाही देऊन टाकते. भेते का?"

"भीत नाही."

"मंग काहून?"

मोकळी असली का मार, हे मी तिला कितीदा सांगितलं होतं, ओरडून, समजावून, एकदा तर बॅग फेकून. ती मान हलवायची आणि पुन्हा तेच करायची.

"हे पाय," दादा म्हणाला, "वसतिगृहात सगळ्या जिल्ह्यांतल्या पोरी येते. तिथं कोणी कोणाले घे बाई म्हणत नाही. जी आपला शॉट सोडते तिले वर्षभर बाकावर बसवते. तू तिचं भलं करून राह्यली का वाटोळं? उद्या मी एकच पाह्यतो. मोकळी असली का मारते का नाही. अन् तू माही बहीण आहे म्हणून जास्तच तपासीन."

मी दही न खाताच उठले आणि हात धुतले. वहिनी म्हणाली, अगं निदान भात तरी. मी ऐकलं नाही.

रविवारी नऊलाच ऊन मैदानावर आलं होतं. दोन्ही संघ मिसळून केलेले, त्यामुळे हिच्या बाजूला दोघीच ओळखीच्या. दादा आणि ते दोघे टेबलामागे बसले. बाप भिंतीला टेकून उभा होता. पेटी घ्यायची की नाही याचाच निकाल लागणार होता, त्याच्या तोंडावर ते दिसत होतं.

पहिला अर्धा म्हणजे माझ्या छातीवर दगड. ती चेंडू घेऊन यायची, समोरची मुलगी दोन पावलं मागे सरकायची, रिंग अगदी उघडी, आणि ही चेंडू देऊन टाकायची. एकीला, मग दुसरीला, मग कोपऱ्यातल्या उंच मुलीला. त्या हुकल्या, अडकल्या, की घड्याळवाले सर ओरडायचे आणि चेंडू परत हिच्याकडे. मग ही घाईघाईनं मारणार. एक गेला. बाकीचे रिंगला लागून बाहेर. दर वेळी दादा कागदाकडे न बघता माझ्याकडे बघायचा, आणि त्याला एक ठोसा द्यावा असं मला वाटायचं. समोरची यवतमाळची मुलगी मोजकेच शॉट मारत होती आणि शांतपणे आत घालत होती. चांगली होती ती. हे कबूल करताना जीभ जड होते, पण होती.

मध्यंतरात मी तिला पाण्याच्या कॅम्परमागे ओढलं.

"काहून नाही मारत तू? कोणी नव्हतं ना समोर!"

ती धापा टाकत होती. म्हणाली, "मॅडम, सगळ्याइले भेटला नव्हता अजून."

"काय भेटला नव्हता?"

"चेंडू. त्या कोपऱ्यातल्या पोरीले तं एकदाही नाही भेटला."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. थंडीत तिच्या चुलत बहिणीच्या लग्नाला मी तांड्यावर गेले होते. मंडपात पंगत बसली होती आणि ही बुंदीची बादली घेऊन वाढत होती. सरळ ओळीनं नव्हे. जिथे पत्रावळ रिकामी होत आली तिथे ही नेमकी पोचलेली. टोकाच्या म्हाताऱ्यानं मागायच्या आधी त्याच्या पुढ्यात बुंदी. वाढणाऱ्यानं शेवटी जेवायचं, हा तिथला रिवाज. आपल्याकडेही होता, आपण विसरलो. सगळ्यांचं झाल्यावर वाढणारी पोरं बसली तेव्हा बुंदी संपली होती, आणि ही बादलीच्या तळाचं खरवडून भातावर घेत होती. तिचा बाप माझ्याशेजारी कौतुकानं म्हणाला होता, "आमच्या पोरीनं वाढलं ना मॅडम, तं पंगतीतून कोणी उपाशी उठत नाही." मीही तेव्हा मान डोलावली होती.

आणि तीच ही. चेंडू वाढत होती, आणि मग तळाचं खरवडत होती.

"अगं, ही पंगत नाही!" मी ओरडले. टेबलामागचे तिघेही वळून बघायला लागले. तिचा चेहरा पडला. मी आवाज खाली आणला. शिट्टी कधीही वाजणार होती.

"बरं, पंगतच म्हण. भरल्या पत्रावळीत वाढते का तू?"

"नाही. वाया जाते."

"मंग? जिच्या समोर दोघी उभ्या आहे तिची पत्रावळ भरलेली. तिथं वाढशील तं वाया जाईन. जिच्या समोर कोणी नाही तिची मोकळी. तुह्यासमोर कोणी नसन तं मोकळी पत्रावळ कोणाची?"

ती अगदी गंभीरपणे म्हणाली, "पण मी बसली तं वाढन कोण?"

शिट्टी वाजली. मला जे सुचलं ते मी म्हणाले. "बसू नको. बफे समज. उभ्याउभ्या वाढ, उभ्याउभ्या खा."

ती हसली नाही. मैदानात गेली.

दुसऱ्या अर्ध्यात चेंडू पहिल्यांदा हातात आला, समोरची मागे सरकली, आणि तिनं मारला. बाहेर. पुढच्या खेपेला परत मोकळी, परत मारला. रिंगवर गरगर फिरून बाहेर. आता ही परत वाढायला लागते, मला वाटलं. तिनं भिंतीकडे बापाकडे पाहिलं. बाप खाली बघत होता. तिसऱ्या वेळी तिनं मारला आणि जाळी नुसती हलली. मग आणखी एक. मग समोरच्या मुलीला तिच्या अंगावर यावंच लागलं, आणि ती अंगावर आली की मागे जागा झाली, आणि त्या जागेत हिनं चेंडू सोडला. आता मुली मोकळ्या सापडत होत्या आणि त्यांचेही जात होते. मी शिट्टी दातात धरून चावत होते.

शेवटी एका गुणानं मागे होतो. चेंडू हिच्याकडे. सर मोजत होते. पाच, चार. हिच्यासमोर कोणी नव्हतं. मार, मी मनात म्हणत होते, मार गं बाई. तिनं हात वर नेला, आणि चेंडू त्या कोपऱ्यातल्या उंच मुलीला दिला.

ती मुलगी रिंगखाली एकटी उभी होती. तिनं मारला. फळीला लागून बाहेर. शिट्टी.

मी डोक्याला हात लावला. ती जवळ आली तेव्हाही माझा राग गेला नव्हता. "काहून?" एवढंच निघालं.

"तिची पत्रावळ माह्याहून मोकळी होती, मॅडम," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. पण चुकलं असं ती म्हणाली नाही.

तिघं आत खोलीत गेले. बाहेर ऐकू येत होतं, दादाचा आवाज सगळ्यांत वर. शब्द कळत नव्हते. बाप माझ्याजवळ आला. "काय म्हणते जी ते?" मी म्हटलं, भांडून राह्यले. "आपल्या बाजूनं का आपल्यावर?" हे मलाही ठाऊक नव्हतं. दादा बाहेर आला तो माझ्याकडे न बघता सरळ कॅम्परकडे गेला आणि दोन पेले पाणी प्याला. गेलं, मला वाटलं, सगळं गेलं.

मग तो बापाला म्हणाला, "पेटी घेऊन ठेवा."

बापाला कळायला वेळ लागला. मला त्याहून जास्त.

"दोघं तं झालोच होतो, पण त्या तिसऱ्याले पटवता पटवता माहा घसा बसला," दादा मला म्हणाला. "दहातले तीन का चार, ते हाताचं काम आहे, शिकवता येते. मोकळी होती तवा मारला. दोन हुकल्यावरही मारला. अन् शेवटी तिच्याहून मोकळी दुसरी होती. बरोबर दिला. हुकला तो त्या पोरीचा." मग नाक खाजवून म्हणाला, "पण तिथं तिले रोज कोणी सांगणार नाही, घे म्हणून. ध्यानात ठेव."

जूनमध्ये, जायच्या आदल्या दिवशी, तांड्यावर जेवण होतं. दादाही आला. मोठा पाहुणा म्हणून त्याला ओळीच्या सुरुवातीला बसवलं. त्यानं पहिला घास घेतल्याशिवाय पंगत सुरू होणार नव्हती. आणि बुंदीची बादली घेऊन कोण? तीच.

तिनं त्याच्या पत्रावळीवर बुंदी वाढली. दादानं हात लावला नाही.

"तू जेवली का?"

"वाढणारे मागून जेवते, सर."

"मंग मी बसतो असाच."

सगळी ओळ थांबली. पोरं बुंदीकडे बघत होती, म्हातारे दादाकडे. बाप ओशाळून म्हणाला, "सुरू करा ना जी." दुसऱ्याच्या दारात येऊन हा नसता हट्ट! मला त्याचा संताप आला. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी काहीच सांगितलं नाही. या वेळी सांगायचं नव्हतं.

तिनं बादली खाली ठेवली. वाकून दादाच्या न उष्टावलेल्या पत्रावळीतली मूठभर बुंदी उचलली आणि उभ्याउभ्या, सगळ्यांदेखत, तोंडात टाकली.

"बफे, मॅडम," भरल्या तोंडानं ती म्हणाली, आणि बादली उचलून पुढच्या पत्रावळीकडे वळली.

दादानं घास घेतला. पंगत सुरू झाली. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. ती ओळीतून माझ्यापर्यंत आली तेव्हा माझी पत्रावळ चांगली भरलेली होती. तरी तिनं वाढलं, आणि मी नको म्हटलं नाही.