नळीतला रस्सा

सिस्टर मनगट धरतात ते नाडी बघायला, हे तुम्ही-आम्ही पाहिलेलं. आमच्या मोठ्या सिस्टर दंड धरायच्या. अंगठा आणि मधलं बोट जुळवून पेशंटच्या दंडाभोवती कडं करायच्या आणि ते कडं तसंच हवेत धरून मंगळवारच्या मीटिंगला यायच्या.

मीटिंग अन्ननलिकेच्या आणि जठराच्या कॅन्सरची. सर्जन, केमोचे डॉक्टर, रेडिएशनचे डॉक्टर, आहारतज्ज्ञ मॅडम असे सगळे एका टेबलाभोवती बसून एकेका पेशंटचं ठरवतात. यादी मी वाचते, मी सिस्टरच्या हाताखालची नर्स. आमच्या घरात कॉलेज शिकलेली मी पहिली, त्यामुळे जरा मोठ्यानंच वाचते. पडद्यावर स्कॅन लागला की सिस्टर बोटं वर करायच्या. "फोटो झ्याक हाय सर. पण माणूस एवढाच उरलाय." सर्जन आधी ते कडं बघायचे, मग स्कॅन.

सिस्टर गडहिंग्लजच्या. घरात अंडंसुद्धा शिजत नाही. आमच्या कोल्हापूरकडच्या बायकांसारखं 'मी बघतो, मी करतो' असं पुरुषी बोलणं, आणि पेशंटच्या बायकोला कायम 'अक्का'.

गेल्या साली इचलकरंजीचा एक माग कामगार आला. अन्ननलिकेत गाठ. केमोनं गाठ आकसली होती, पण घास उतरत नव्हता, म्हणून पोटातून आतड्यात बारीक नळी घातली होती. खाणं तिच्यातूनच. सर्जननी स्पष्ट सांगितलं होतं, वजन वाढलं तरच ऑपरेशन. आणि गाठ काही कुणासाठी थांबणार नव्हती.

आठ दिवसांत नवराबायको परत आले. नळी तुंबलेली, वजन आणखी उतरलेलं. मी फाईलवर लिहिलं, 'नातेवाईक सूचना पाळत नाहीत.'

सिस्टरनी सिरिंजनं हळूहळू कोमट पाणी आतबाहेर करत नळी मोकळी केली. सिरिंज नाकाशी नेली. जन्मात मटण न शिवलेली ती बाई म्हणाली, "तांबडा हाय. खोबरं वाटून घातलंय."

बायको रडायलाच लागली. नवरा वाळत चालला म्हणून तिनं रस्सा फडक्यातनं दोनदा गाळून नळीत सोडला होता. "मॅडमनीच सांगितलं की, पातळ कायबी चालतंय."

मॅडम म्हणजे मी.

मंगळवारी सिस्टर त्या बाईला थेट मीटिंगमध्ये घेऊन आल्या. तोवर तिथं कुणी नातेवाईक आलेलं नव्हतं. तिला आपल्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः मागं उभ्या राहिल्या.

"सर, कोल्हापुरात पातळ द्या म्हटल्यावर रस्साच येणार. चूक अक्काची न्हाय, आमच्या सांगण्याची हाय. नळी भरणार ही, आणि हिला सोडून आपण ठरवणार व्हय? मला तीन आठवडं द्या."

सर्जन दोन म्हणाले. सिस्टर तीनच म्हणाल्या. केमोच्या डॉक्टरांनी तीन चालतील असं सांगितलं, तेव्हा विषय मिटला. आहारतज्ज्ञ मॅडमनी घरात काय काय असतं ते विचारलं आणि दूध, नाचणी, मूगडाळ असं तिच्याच वाटीच्या मापानं बसवून दिलं. मी फाईलवरची ती ओळ खोडली आणि सगळं मराठीत, तासावार लिहून दिलं. सिस्टरनी ते मला वाचायला लावलं, मग अक्काला तोंडानं सांगायला लावलं. ती एकदा चुकली, मी दोनदा.

तिसऱ्या आठवड्यात सिस्टरनी दंड धरला. बोटं जुळली नाहीत. मधली फट त्यांनी सर्जनना नुसती दाखवली. तारीख पडली.

ऑपरेशन चांगलं झालं, पण ते बघायला सिस्टर नव्हत्या. त्याआधीच रिटायर होऊन गावी गेल्या होत्या. पेशंटनं तोंडानं पहिले दोन चमचे पाणी घेतलं, त्या दुपारी मी त्यांना फोन केला. ठसका नाही, उलटी नाही, सगळं नीट सांगितलं.

ते ऐकून त्यांनी विचारलं, "अक्का जेवली काय?"

ते काही मी विचारलं नव्हतं. फोन तसाच कानाला धरून मी वॉर्डाकडं निघाले.