झाकलेल्या तोंडाचा मुद्देमाल

ती केस मी मरेपर्यंत विसरायचो नाय. तिच्यात माझी जेवढी शोभा झाली, तेवढी लग्नातही झाली नव्हती.

गणपतीचा आदला दिवस. पेणच्या एसटी स्टँडवर माझा बंदोबस्त. कासूकडची एक बाई, मिठागरावर काम करणारी, धापा टाकत आली.

"हवालदार, माझा गणपती गेला."

नव्या घरातला पहिलाच गणपती. बाकावर ठेवून ती फुलं घ्यायला गेली, तेवढ्यात गायब. शेजारी दुसराच एक गणपती, त्याला मालक नाय. आमच्याकडं घर येईपर्यंत देवाचं तोंड फडक्यानं झाकतात. तिनं सांगितलं, तिचंही फडकं असंच तांबडं. फडकी सगळी बाजारातलीच, एकसारखी.

मी डोकं चालवलं. "ताई, देव एकच. हाच घेऊन जा."

"तुमच्या घरी दुसऱ्याची बायको तोंड झाकून धाडली तर घेशाल?"

मी जरा विचारात पडलो. हे आमच्या घरात कोणी वाचू नये.

तेवढ्यात चणेवाल्यानं खबर दिली. गणपती घेऊन एक म्हातारा रिक्षानं रामवाडीच्या थांब्यावर गेलाय, रोह्याची गाडी पकडायला. मला लगेच टोळीचा वास आला. उरलेला गणपती मुद्देमाल म्हणून मांडीवर घेतला, बाईला रिक्षात बसवलं आणि निघालो.

म्हातारा थांब्यावरच सापडला. तिथंच चौकशी चालू केली.

"साथीदार किती?"

"एकच. हा काय." त्यानं गणपतीकडं बोट केलं.

"तोंड उघडा."

"माझं का देवाचं?"

"देवाचं."

"उंबरठ्याआधी नाय उघडत. तुमी उघडा, पाप तुमाला."

मी हात पुढं केला. पोचला नाय. भल्याभल्यांचे बुरखे फाडलेला हात फडक्याजवळ जाऊन खाज आल्यासारखा माझ्याच कानाकडं वळला.

"तोंड काय बघताय?" बाई म्हणाली. "खाली पाट बघा."

आमच्याकडं घरचा पाट आधीच गणपतीच्या कारखान्यात देतात, मूर्ती त्यावरच बसते. तिचा पाट नवऱ्यानं मिठागराच्या जुन्या फळीचा केलेला, मिठानं खाल्लेला.

म्हाताऱ्यानं वाकून बघितलं. "अगो बाय, हा माजा नाय. माज्या पाटाला पितळी फूल हाय. रिक्षावाल्यानं उचलून दिला, मी नुसतं फडकं बघितलं."

ते पितळी फूल स्टँडपासून माझ्या पोटात टोचत होतं. मला वाटलं गॅस झालाय.

अदलाबदल झाली. बाईनं आपला पाट छातीशी धरला तेव्हा कुठं तिची धाप थांबली. गाडी आली तरी म्हातारा चढेना. "तुज्याकडं दर्शनाला येऊ ना गो?"

"या बाबा. हवालदार, तुमीपण या. तोंड उघडं असंल तवा तरी ओळखाल."

नोकरीभर मी माणसाचं तोंड बघून चोर ठरवायचो. त्या दिवसापासून आधी तो कशावर उभा आहे ते बघायला लागलो, आणि चोर निम्मे झाले.

आता रिटायर झालो, तरी दरवर्षी तिच्या आरतीला जातो. म्हातारा रोह्याहून माझ्याआधी येऊन बसलेला असतो. प्रसाद देताना बाई अजून विचारते, "हवालदार, बघून सांगा, हा आमचाच ना?"

मी खाली वाकतो, पाट बघतो, मगच हात जोडतो.