तान्ह्या बाळाला मध चाटवू नका... जास्वंदीच्या फोटोवाल्या ताईसाठी

माफ करा, हे खरं तर गेल्या आठवड्यातच लिहायला हवं होतं. उशीर का झाला ते सांगतो, पण आधी महत्त्वाचं... वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका. थेंबभरसुद्धा नको, घरचा असला तरी नको.

मी चौलला राहतो. आमच्या सुपारीच्या वाडीत सातेरी मधमाशांच्या पेट्या आहेत, त्यांचे फोटो मी इथे टाकत असतो. यंदा मध चांगला निघाला, म्हणून मी त्याच्या गुणांवर एक लांबलचक पोस्ट लिहिली होती. खोकल्याला मध, घसा बसला तर मध... आणि शेवटी मोठ्या तोऱ्यात लिहिलं, की बाळाच्या जिभेवर पहिली चव मधाचीच हवी. सोन्याची अंगठी मधात बुडवून चाटवावी, आपली जुनी रीत आहे.

ती पोस्ट पुष्कळांना आवडली. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस... लोक "आबा, छान माहिती" म्हणायला लागले की बरं वाटतं हो.

त्याच दिवसांत माझ्या चुलतभावाची नात पूजा बाळंत झाली, बाळंतपणाला माहेरीच आली होती, आमच्या मागच्याच आळीत. बाळ बघायला मी वाटीत मध आणि आमच्या हिची, म्हणजे बायकोची, अंगठी घेऊन गेलो. अंगठी बुडवली, बाळाच्या ओठांजवळ नेली, तर पूजाने माझं मनगटच धरलं.

"आबा, न्हाय. वर्ष होईस्तवर मध न्हाय. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय."

तिची आजी, म्हणजे आमची वहिनी, कोपऱ्यातून कडाडली. "भावोजी, तुमी चाटवा! हिला काय कळतंय? याच हातानं हिच्या बापाला चाटवलाय मी. बघा कसा रेडा झालाय!"

"आजे, बाबा वाचले म्हणून माझ्या पोरावर करून बघायचं काय?" पूजा म्हणाली. आवाज चढवला नाही, पण माझं मनगटही सोडलं नाही.

मला राग आला, खोटं का बोला. अंगठी तशीच खिशात टाकून घरी आलो. मधाने सदरा चिकट झाला, मुंग्या लागल्या, त्यावरून हिची बोलणी खाल्ली... पण मनात पूजाचंच वाक्य फिरत होतं.

सकाळी एसटीने अलिबागला गेलो. हिला सांगितलं, बीपी दाखवून येतो. दवाखान्यात डॉक्टरांना विचारलं, "साहेब, तान्ह्याला चाटवायचा मध साखरपाक घातलेला नसेल, अगदी शुद्ध असेल तर?"

ते म्हणाले, "आजोबा, शुद्ध असण्याचा इथे संबंध नाही. मधात कधीकधी एका जंतूचं बीज असतं. तुम्हाला-मला ते काही करत नाही, तान्ह्याच्या आतड्यात मात्र रुजतं आणि विष तयार करतं. गरम करूनही ते जात नाही." बहुतेक बाळांना काही होत नाही, असंही म्हणाले. पण एखाद्याला झालं, तर श्वास बंद पडायची पाळी येते.

मग त्यांनी विचारलं, "कुणाला दिलात का?" मी म्हटलं, न्हाय...

परतीच्या एसटीत बसलो आणि ती पोस्ट आठवली. त्या पोस्टखाली एका ताईने लिहिलं होतं, "आबा, आमच्याकडे परवाच मुलगी झाली. सासूबाईंना वाचून दाखवलं. बारशाला चाटवणार."

आणि मी खाली हात जोडलेलं चित्र टाकलं होतं.

पहिलं सुचलं ते केलं, पोस्ट काढून टाकली. फोन जे जे विचारेल त्याला हो, हो म्हणत गेलो. घरी येऊन पनवेलला मुलाला फोन लावला, तर तो म्हणाला, "बाबा, पोस्टच उडवलीत? मग तिची कमेंट पण गेली ना! आता शोधणार कुठे तिला?"

तेव्हापासून शोधतोय. नाव आठवत नाही... तेव्हा डोळ्यांवर चष्मा नव्हता. एवढंच आठवतं, की स्वतःच्या फोटोऐवजी लाल जास्वंद लावली होती. जास्वंद दिसली की विचारतो. एका बाईने मला ब्लॉक केलं, दुसऱ्या एका मावशींची नातवंडं कॉलेजात निघाली. यातच आठवडा गेला.

बारसं झालं असेल की व्हायचं असेल... मुलगी दूध पीत असेल ना... हाच घोर.

माशांचा यात काही दोष नाही. त्या मध आपल्या पोळ्यासाठी साठवतात, आपल्या बाळांसाठी नाही. मी अजूनही खोकल्याला मधच घेतो. पण जे स्वतःला गोड लागतं ते दुसऱ्याच्या लेकराच्या तोंडात घालायला निघालो होतो... पूजाने हात धरला, तिचे उपकार आहेत. ताई, तुझ्या घरी हात धरणारं कोणी आहे का, तेच मला ठाऊक नाही.

माझी जुनी पोस्ट कुणी उतरवून पुढे पाठवली असेल, तर तिथे हीही टाका.

आणि ताई, चाटवला नसशील तर "नाही" एवढंच लिही. चाटवला असशील तरी लिही, पण त्याआधी डॉक्टरांच्या कानावर घाल. बाळाला शी होत नसेल, दूध ओढत नसेल, रडणं बारीक झालं असेल, मान-अंग सैल वाटत असेल, तर क्षणभर थांबू नको, दवाखान्यात ने. सासूबाईंना माझं नाव सांग, रागावू दे मला.

फोन चार्जिंगला लावून पडवीत बसलोय. लवकर कळव गं बाई...